जुनी नाव घ्या, पण आधी तिचा तळ पाहा

२०२४ च्या ऑगस्टअखेर विश्वामित्री धोक्याची पातळी ओलांडून ३५ फुटांच्याही वर गेली. शहराच्या मोठ्या भागात पाणी शिरले, लष्कराला बोलवावे लागले आणि नदीतल्या मगरी लोकांच्या अंगणापर्यंत आल्या. हे सर्व आपण पाहिलेले आहे, त्याचे वर्णन येथे नको. पूर ओसरल्यानंतर जे घडले ते मात्र नवीन होते. बडोद्यातल्या काही रहिवाशांनी आणि सोसायट्यांनी स्वतःच्या पैशाने नावा विकत घेतल्या. वर्तमानपत्रांत बातम्या आल्या आणि पुष्कळांनी त्या हसण्यावारी नेल्या. समुद्रापासून इतक्या दूरच्या शहरात, पार्किंगमध्ये स्कूटरशेजारी नाव!

मला त्यात हसण्यासारखे काही दिसत नाही. ज्यांच्या घरात आजारी माणूस होता, ज्यांना दूध आणि औषध मिळेना, त्यांनी पुढच्या पावसाळ्याची तजवीज केली तर ते शहाणपणच म्हणावे. शिवाय बडोद्याला नावांचे वावडे कधीच नव्हते. गायकवाडांचे आरमार बिलिमोऱ्याला असे, हे आपल्या इतिहासात आहेच. माझी काळजी वेगळी आहे. नव्या नावेला पैसे बरेच पडतात, म्हणून नजर जुन्या नावेकडे वळते. जुनी नाव मिळते स्वस्त, तिला रंग दिला की दिसते नवी, आणि मग तिच्यात कोण किती बसणार हा प्रश्न विचारायचा राहून जातो. सोसायटीच्या सभेत किंवा मित्रमंडळींत असा विषय निघाला असेल, तर पुढचे चार शब्द त्यासाठी आहेत. शाळेच्या पत्रिकेत हे का, ते शेवटी सांगतो.

आधी एक गैरसमज दूर करू. जुनी नाव म्हणजे वाईट नाव, असे मुळीच नाही. आपली विमानवाहू नौका ‘विराट’ भारताने १९८६ साली इंग्लंडकडून घेतली तेव्हा ती तिथे १९५९ पासून ‘हर्मिस’ या नावाने नोकरी करून आणि १९८२ चे फॉकलंडचे युद्ध लढून आली होती. दुरुस्ती करून ती १९८७ मध्ये आपल्या नौदलात आली आणि २०१७ पर्यंत, म्हणजे पुरी तीस वर्षे, तिने सेवा दिली. शेवटी ती मोडीत निघाली तीही आपल्या गुजरातेत, अलंगच्या किनाऱ्यावर. दुसरे उदाहरण लहान नावेचे. लष्कराच्या अभियंत्यांनी ‘तृष्णा’ नावाच्या ३७ फुटी शिडाच्या नावेतून १९८७ मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा पुरी केली. भारतीयांची ही पहिली प्रदक्षिणा, आणि ती नाव कोरी नव्हती, वापरलेली होती. म्हणजे जुने घेणे हा दोष नाही. काय घेतो आहोत हे समजून घेतले आणि दुरुस्ती नीट केली, तर जुनी वस्तू माणसाला दगा देत नाही.

याची दुसरी बाजूही नौदलाच्याच इतिहासात आहे. ‘विक्रमादित्य’ ही रशियाची वापरलेली नौका. २००४ साली करार झाला तेव्हा जहाजाचे असे काही द्यायचे नव्हते, खर्च होता तो दुरुस्तीचा आणि नूतनीकरणाचा, सुमारे ९७ कोटी ४० लाख डॉलर. काम सुरू झाल्यावर आतल्या वायरिंगपासून किती काय बदलावे लागणार आहे ते हळूहळू उघडे पडत गेले. आकडा शेवटी २३५ कोटी डॉलरवर गेला आणि २००८ मध्ये येणारी नौका २०१३ च्या नोव्हेंबरात नौदलात दाखल झाली. २०१२ च्या चाचणीत तिचे बॉयलरही बिघडले होते. नौका चांगलीच आहे, ती आपल्या कामी येते आहे. पण चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला कशाला म्हणतात, ते यावरून कळावे. तज्ज्ञांची फौज हाताशी असलेल्या सरकारचा अंदाज असा चुकतो, तर आपल्या सोसायटीच्या खजिनदाराने किती जपून राहावे?

आता आपल्या आवाक्यातली नाव घेऊ. तिचेही दोन प्रकार आहेत आणि त्यांची गल्लत होऊ नये. पहिली पुरासाठीची साधी, सपाट तळाची, फायबरची किंवा पत्र्याची उघडी नाव. दुसरी केबिन क्रूझर, म्हणजे पुढे बंद खोली, आत झोपायला बाके, एखादी शेगडी आणि मागे दणकट इंजिन असलेली सहलीची नाव. मुंबईच्या बंदरात अशा नावा असतात. अमेरिका-कॅनडातल्या आपल्या नातेवाइकांकडे गेलेल्यांनी तिथल्या तलावांवर पंचवीस-तीस वर्षे जुन्या क्रूझर विकायला ठेवलेल्या पाहिल्या असतील. चार कुटुंबांनी भागीत अशी एखादी घ्यावी, डागडुजी करून सुट्टीत नर्मदेवर न्यावी, असा बेत कुणाच्या मनात आला तर तो वाईट नाही. मात्र पुरासाठी म्हणून कुणी केबिनची नाव घेऊ नये. ती जड असते, तिला जास्त खोल पाणी लागते, आणि रस्त्यावरच्या पुरात बुडालेली कुंपणे, दुभाजक व स्कूटर तिचा पंखा पहिल्या गल्लीतच मोडतील.

नाव कोणतीही असो, पाहण्याची सुरुवात वरून करायची नाही, खालून करायची. विकणारा आपल्याला गाद्या, रंग, स्टिअरिंग आणि गाण्याची पेटी दाखवतो. आपण म्हणावे, नाव पाण्याबाहेर काढा. फायबरच्या तळावर पाण्याचे फोड आलेत का, ते बोटांनी चाचपावे. मग लहानशा हातोडीच्या दांड्याने सगळीकडे हलके ठोकत जावे. चांगल्या जागी आवाज खणखणीत येतो, आतला थर सुटला असेल तिथे तो बद्द येतो. आपल्या आज्या मडके वाजवून घेत, तीच ही परीक्षा. इंजिन बसवलेली मागची भिंत आणि तळातल्या आडव्या पट्ट्या यांच्या आत पुष्कळदा प्लायवुड असते. एका स्क्रूच्या भोकातून पाणी शिरले की ते आतून कुजते, आणि वर फायबरचा थर जसाच्या तसा चकाकत राहतो. इंजिन हाताने वर-खाली हलवताना ती भिंतही हलत असेल, तर सौदा तिथेच थांबवावा.

आणखी एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. नाव उलटली किंवा पाण्याने भरली तरी ती तरंगत राहावी म्हणून तळाच्या पोकळीत फोम भरलेला असतो. वर्षानुवर्षे ओल लागून हा फोम स्पंजासारखा पाणी पितो. मग ज्याने तारायचे तोच बुडवायला मदत करतो. वरून याचा काही पत्ता लागत नाही. उपाय सोपा आहे. नाव ट्रेलरवर घालून वजनकाट्यावर न्यावी, ट्रेलरचे वजन वजा करावे आणि कंपनीने दिलेल्या मूळ वजनाशी ताडून पाहावे. फरक मोठा असेल तर ते पाणी आहे, आणि ते आपण पैसे देऊन विकत घेतो आहोत.

केबिन क्रूझरमध्ये याशिवाय आगीची भीती असते. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, स्वयंपाकाचा गॅसही हवेपेक्षा जड. मोटारीखालून गळती झाली तर वारा ती वाहून नेतो. नावेत ती तळाच्या पोकळीत साचते आणि इंजिन चालू करतानाची एक ठिणगी पुरते. म्हणून अशा नावेत वाफ बाहेर काढणारा पंखा असतो आणि तो चार-पाच मिनिटे चालवल्याशिवाय इंजिनाला हात लावायचा नसतो. जुन्या नावेत हा पंखा चालतो का, पेट्रोलच्या नळ्या तडकल्या आहेत का, मागच्या मालकांनी घरगुती वायर जोडून दिवे आणि पंखे लावले आहेत का, हे पाहावे. बंद केबिनमध्ये इंजिनाचा धूर शिरला तर त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग असतो ना वास. झोपलेला माणूस उठत नाही. हे सर्व तपासायला स्वतंत्र सर्व्हेअर लावावा आणि त्याची फी आपण द्यावी. विकणाऱ्याने आणलेला माणूस हा विकणाऱ्याचाच माणूस असतो.

तपासणी झाली, सौदा ठरला. आता प्रश्न सुधारणेचा. माझा खरा मुद्दा येथे आहे. सुधारणा म्हटले की आपण भर घालायला लागतो. वर छत, छतावर बसायची जागा, जनरेटर, जास्तीची बाके. नावेच्या बाबतीत घातलेली प्रत्येक वस्तू वजन असते, आणि वर घातलेली वस्तू नावेला उलटायला मदत करते. शिकागोच्या नदीत २४ जुलै १९१५ रोजी ‘ईस्टलँड’ नावाचे प्रवासी जहाज धक्क्याला बांधलेले असतानाच कलंडले आणि ८४४ माणसे गेली. पाणी होते जेमतेम वीस फूट. हे जहाज आधीपासूनच डळमळीत म्हणून प्रसिद्ध होते. ‘टायटॅनिक’नंतर जहाजांवर पुरेशा जीवनरक्षक नावा हव्यात असे ठरले, आणि त्याप्रमाणे थोड्याच आठवड्यांपूर्वी या जहाजाच्या वरच्या मजल्यावर जादा नावा व तराफे चढवले होते. हेतू किती चांगला! पण जहाजाला ते पेलेल का, हे तपासले गेले नाही.

इंजिन बदलणे ही दुसरी आवडती सुधारणा. जास्त ताकदीचे इंजिन जुन्या नावेच्या मागच्या भिंतीला झेपत नाही आणि नाव मागून बसते. नवे इंजिन लावल्यावर त्याची चाचणी घ्यावी लागते, ती कुठे घ्यायची याचाही विचार हवा. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबई बंदरात इंजिनाची चाचणी चालू असलेली नौदलाची वेगवान बोट ताबा सुटून घारापुरीला निघालेल्या प्रवासी नावेवर आदळली आणि डझनाहून अधिक माणसांचे प्राण गेले. चाचणी मोकळ्या पाण्यात घ्यावी, बिनप्रवाशांची घ्यावी. हा नियम आपल्या छोट्या नावेलाही लागू आहे.

मग पैसे कशावर घालावेत? माझ्या मते क्रम असा असावा. आधी तळ आणि मागची भिंत. मग तरंगत ठेवणारा फोम. मग पाणी उपसणारा पंप, आणि पंप बंद पडला तर हाताशी एक बादली. मग बसणाऱ्या प्रत्येकाच्या मापाचे लाईफ जॅकेट. ही जॅकेटे जुनी घेऊ नयेत, आणि मुलांची मापे वेगळी घ्यावीत, कारण मोठ्यांच्या जॅकेटमधून मूल खाली निसटते. मग दोर, नांगर, वल्हे, शिटी, अग्निशामक. त्यानंतर इंजिन. रंग सगळ्यात शेवटी. हातात असलेल्या पैशाचे तीन भाग करावेत. एकात नाव घ्यावी, दुसऱ्यात ती दुरुस्त करावी, तिसरा तसाच ठेवावा, कारण दुसरे-तिसरे वर्ष येतेच. सगळे पैसे पहिल्याच दिवशी विकणाऱ्याच्या हातात ठेवणाऱ्याची नाव पुढच्या पावसाळ्यात ताडपत्रीखाली कुजत पडलेली असते.

रंगाच्या आधी एक रेघ मात्र ओढलीच पाहिजे. सॅम्युअल प्लिम्सॉल हे ब्रिटिश पार्लमेंटचे सभासद होते. त्या काळी मालक जुनी जहाजे वाटेल तेवढी भरून समुद्रात पाठवीत, आणि बुडाली तरी विम्यामुळे त्यांचे नुकसान होत नसे. प्लिम्सॉल यांनी वर्षानुवर्षे भांडून १८७६ साली कायदा करवून घेतला आणि जहाजाच्या कुशीवर भाराची खूण आली. पाणी या खुणेच्या वर चढले की आणखी भार घ्यायचा नाही. वाद नाही, चर्चा नाही, रेघ पाहायची. आपल्या नावेवर अशी रेघ आणि शेजारी ‘माणसे इतकी’ असा ठळक आकडा लिहायला रंगाचा एक छोटा डबा पुरतो.

हा आकडा कसा काढायचा, हे विद्यार्थ्यांनी करून पाहण्यासारखे आहे. सपाट तळाची नाव ४ मीटर लांब आणि दीड मीटर रुंद धरा. तिचे क्षेत्रफळ ६ चौरस मीटर. ती १ सेंटिमीटर खाली जायला ६० लिटर पाणी बाजूला सरावे लागते, म्हणजे ६० किलो भार लागतो. ढोबळ मानाने एक मोठे माणूस म्हणजे एक सेंटिमीटर. रिकाम्या नावेची कड पाण्याच्या २५ सेंटिमीटर वर असेल, तर दहा माणसे बसल्यावर ती १५ वर येते. आता धरा की नावेत पावसाचे ५ सेंटिमीटर पाणी साचले. ते झाले ३०० किलो, म्हणजे आणखी पाच माणसे. आणि ही पाच माणसे एका जागी बसत नाहीत. नाव जरा कलली की सगळी त्याच बाजूला धावतात. त्यात मगर दिसली म्हणून दोघे-तिघे त्याच कडेला उभे राहिले की पुढे काय होईल ते सांगायला नको. आर्किमिडीजचा सिद्धांत परीक्षेत चार ओळींत लिहिता येतो. येथे तो जीव वाचवतो.

पुरात नियम कोण पाहतो, माणूस छतावर अडकला असताना मोजदाद कसली करता, असे कुणी म्हणेल. या म्हणण्यात माया आहे, पण हिशेब नाही. आठ जणांच्या नावेने दोन खेपांत सोळा माणसे सुखरूप येतात. एका खेपेत सोळा बसवली तर कदाचित एकही येत नाही. घाई असते त्याच वेळी रेघ पाळायची असते, एरवी ती कुणालाही पाळता येते. दुसरे कुणी म्हणेल, एवढी झंझट असेल तर नाव घेऊच नका. त्यांना माझे सांगणे असे की, ज्याची हौस नाही त्याने खुशाल घेऊ नये. पण नदीकाठच्या वस्तीने हातावर हात ठेवून बसणे हाही उपाय नव्हे. नाव घ्यावी आणि तिला सांभाळणारा एक माणूस नावानिशी ठरवावा. सगळ्यांची नाव ती कुणाचीच नाव नसते. कायद्याचे पाहायचे तर १९१७ चा जुना कायदा जाऊन २०२१ चा अंतर्देशीय जलयान कायदा आला आहे आणि यांत्रिक नावेला तपासणी, नोंदणी, विमा यांची चौकट आहे. इंजिनाची नाव घेण्याआधी कागद विचारावेत, घेतल्यावर नव्हे.

हे सर्व शाळेच्या पत्रिकेत का, ते आता सांगतो. बडोद्याच्या दोन जखमा आहेत. १९९३ साली सूरसागरात नाव उलटून २२ माणसे बुडाली. त्यानंतर तीस वर्षांनी, १८ जानेवारी २०२४ रोजी, हरणीच्या मोटनाथ तलावात शाळेच्या सहलीची नाव उलटली आणि १२ विद्यार्थी व २ शिक्षिका परत आल्या नाहीत. नावेत तिच्या ताकदीपेक्षा जास्त माणसे होती आणि प्रत्येकाच्या अंगावर जॅकेट नव्हते, असे पुढे आले. कुणाचा किती दोष ते न्यायालयाचे काम आहे, आपले नव्हे. पण त्या नावेत बसताना ‘ही किती जणांची आहे?’ असे एखाद्या मुलाने, शिक्षकाने किंवा पालकाने विचारण्याची आपल्या शहरात सवयच नव्हती, हे कबूल केले पाहिजे. ती सवय लावणे हे शाळेचे काम आहे.

म्हणून विश्वस्त मंडळाला आणि पालकांना तीन विनंत्या करतो. पहिली, सहलीत पाणी असेल तर पालकांकडे जाणाऱ्या संमतिपत्रात नावेची नोंदणी, तिच्यावर लिहिलेली माणसांची संख्या आणि मुलांच्या मापाची जॅकेटे यांची माहिती आधी भरलेली असावी. माहिती नसेल तर सहल काठावरूनच व्हावी. दुसरी, आठवी-नववीच्या मुलांना वर दिलेला सेंटिमीटरचा हिशेब पावसाळ्यापूर्वी एकदा पत्र्याचा डबा आणि वजने घेऊन टबमध्ये करून दाखवावा. तिसरी, ज्या पालकांच्या सोसायट्यांनी नावा घेतल्या आहेत किंवा घ्यायच्या आहेत, त्यांनी मे महिन्यातच एकदा ती नाव बाहेर काढून ठोकून पाहावी, वजन करावी, तिच्यावर रेघ ओढावी आणि जॅकेटे मोजावीत. जून लागल्यावर याला वेळ मिळत नाही.

आणि विद्यार्थ्यांनो, तुमच्यासाठी एकच. कोणत्याही नावेत पाय टाकण्याआधी ‘ही किती जणांची?’ असे मोठ्याने विचारा. उत्तर मिळाले नाही, किंवा कुणी हसले, तर काठावर उभे राहा. मोठी माणसे रागावली तर त्यांना हा लेख दाखवा.